कठड्याचे एकवीस गज

३ मार्च

प्रिय ताईस,

स. सलाम वि. वि.

चर्चला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होतात, म्हणून नव्या पाळकांनी तिथल्या लाकडी सामानाची यादी मागितली. तिची नक्कल तुला पाठवतोय, कारण इथे ती वाचणारं कोणी नाही. घरची म्हणते, तुमची यादी तुम्हीच वाचा आणि तुम्हीच माना डोलवा.

माझ्या हातची कामं अशी. बाकं बावीस, पाठीला थोडा कल दिलेला, म्हणून प्रवचन लांबलं तरी कंबर धरत नाही. व्यासपीठ एक, पाच पायऱ्यांचं, एकही पायरी करकरत नाही. प्रभुभोजनाचं मेज एक, वरची फळी अखंड. मुख्य दाराच्या दोन झडपा, नऊ फूट उंच, एका बोटानं ढकलल्या तरी हलतात. घंटेचा सांगाडा. गीतांचे आकडे लावायची पाटी. शवपेट्या चौतीस, त्यातली एक आईची. त्या आता जमिनीखाली आहेत, पण काम ते काम.

आणि कठडा. चोवीस फूट रुंद, मधे अडीच फुटांचं फाटक, डावीकडे एकवीस गज, उजवीकडे एकवीस. सगळे शिसवीचे, कातीव, अठ्ठावीस इंच लांब, हातात घेतलेस तर पोलादासारखे जड. प्रत्येक गजावर तीन कंगोरे, दोन कंगोऱ्यांमधे बरोबर दोन सूत, पाव इंच, अंतर. खिळा एकही नाही. प्रत्येक गजाचं टोक त्याच्या त्याच्या भोकासाठी तासलेलं आहे, अकराव्याचं बाराव्याला बसायचं नाही. एकोणीस वर्षांत एकही गज हललेला नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, ताई. मोडक्या खुर्च्या उघडून बघत बघत शिकलो, हे तुला माहीत आहे, पण पाळकांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांना सांगितलं.

पाळक तसे पोरसवदा. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, रंगानं पुढे बसणाऱ्या घरांसारखे गोरे. यादी वाचून त्यांनी विचारलं की कठडा कशासाठी. मला वाटलं, थट्टा करतायत. मग सांगितलं की गोरी घरं कठड्याच्या पुढे बसतात, आपण काळी माणसं मागे. पुढच्यांचं प्रभुभोजन उरकलं की पंच येऊन फाटक उघडतात, मग आपण जायचं. पूर्वी नुसती दोरी असायची. ती दिसायला बरी नव्हती, म्हणून पंचांनी मला कठडा करायला सांगितला. पाळक बराच वेळ गजांवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, कौतुक करतील. ते म्हणाले की तुम्हीच केलाय, तर तुम्हीच काढा.

विचार करून सांगतो म्हणालो. खरं लिहितो, मला राग आला. माझं सगळ्यांत चांगलं काम आहे ते. त्यांना दुसरं काही काढायला सुचलं नाही का?

लोभ आहे, तो असू दे. राग आला तर तोही कळव.

तुझा,
मोजपट्टी

९ मार्च

चि. मोजपट्टीस,

अ. आशीर्वाद.

यादी पोचली. बाकांना एक ओळ, आईच्या पेटीला अर्धी आणि कठड्याला पानभर! मी आमच्या ऑपरेशनच्या खोलीत ती मोठ्यानं वाचून दाखवली. भूल देणारे डॉक्टर म्हणाले की या माणसाला आमच्याकडे पाठवा, टाके मोजायला.

आता थट्टा पुरे. आईचं शेवटचं वर्ष आठव. ती कठड्याला धरून उभी राहायची, कारण बसलं की मेज दिसत नाही. शेजारणीला सांगायची की हे माझ्या मुलाचं काम आहे, आणि आपल्या रुमालानं गज पुसायची. त्या रविवारी पुढच्यांचं संपता संपेना आणि ती तिथेच कोसळली. तिला पाणी हवं होतं आणि पाणी पुढे होतं. फाटक उघडेना, कारण कडी त्यांच्या बाजूला, तळाशी. तू वरून वाकून हात घातलास आणि तुझा हात पोचेना. तुझ्याच मापाची उंची होती ती, दोन इंच जास्त. मी तिथे होते. तुला त्या दोन इंचांबद्दल मी आजवर एक शब्द बोलले नाही. आज बोलते.

तू लिहितोस, एकोणीस वर्षांत एक गज हलला नाही. माणसंही हलली नाहीत रे, हे तुझ्या यादीत नाही.

पाळक बरोबर म्हणाले. करवत घे आणि काप. दोन तासांचं काम आहे. घरचीला सांग की तिच्या बाजूनं मी आहे, मुद्दा कुठलाही असो.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी ताई

१८ मार्च

प्रिय ताईस,

स. सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी पाळकांकडे जाऊन हो म्हणालो. ते दोन इंच मला रोज दिसतात, तुला वाटतं मी विसरलो?

रविवारी पाळकांनी व्यासपीठावरून जाहीर केलं की येत्या शनिवारी कठडा निघेल, आणि त्यानंतर प्रभुभोजनाला कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. पुढच्या बाकांवरून खोकल्यासारखा एक आवाज आला आणि मग निम्मी माणसं उठून गेली. सोमवारी पाळकांच्या खिडकीतून वीट आली. मंगळवारी घंटेचा दोर कापलेला मिळाला. आपले घंटाकाका तुला माहीत आहेतच, खाणीत सुरुंग लावून लावून दोन्ही कानांनी गेलेले. सत्तरीचा माणूस शिडी लावून वर चढला आणि हातानं लोलक हलवून घंटा वाजवली. खाली उतरून म्हणाले की दोराशिवाय जास्त चांगली वाजते. त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा हे कशावरून, ते प्रभूला माहीत.

काल वखारवाले आले होते. पंचांचे मुख्य तेच. वीस वर्षं त्यांच्याकडूनच लाकूड घेतोय, पहिली शिसव त्यांनीच मला उधार दिली होती, ते खोटं कशाला बोलू. शांतपणे म्हणाले की लोक भडकलेत, तू मधे पडू नकोस. त्यांचे जावईबापू बरोबर होते, तेच, कोरसमधे खर्जात गातात ते. ते माझी दीड इंची पटाशी उचलून अंगठ्यानं धार बघत उभे राहिले.

ऑर्गनवाल्या बाई मात्र वेगळ्या. त्याही गोऱ्याच, पण येऊन एवढंच विचारून गेल्या की शनिवारी पाचला कोरसची तालीम आहे, तोवर भुसा पडणार नाही ना.

भुसा पडणार नाही, कारण करवत लावणार नाही. हे तुझं ऐकणार नाही. मी तो कठडा उघडणार. लाकडी मेखा ठोकून काढायच्या, वरची पट्टी उचलायची, मग गज एकेक वर ओढायचा. जसा बसवला तसाच काढणार. प्रत्येकावर पेन्सिलनं नंबर घालून ओळीनं लावून ठेवीन. लाकडाचा काय दोष? डावी बाजू शनिवारी, उजवी पुढच्या आठवड्यात. पाळक आणि काका मदतीला आहेत.

काळजी करू नकोस, असं लिहितो, पण तू करणारच. लोभ कायम ठेव.

मोजपट्टी

२६ मार्च

आ. ताईंस,

स. सलाम वि. वि.

तार मिळाली असेलच. हे सांगतायत तसं मी लिहितेय, मधेमधे माझंही घालतेय. डोळा सुजलाय, त्यामुळे त्यांना वाचता येणार नाही.

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास झालं. चर्चमधे तिघंच होते, हे, पाळक आणि घंटाकाका. डाव्या बाजूचं काम संपलं होतं. काका दाराकडे पाठ करून गुडघ्यांवर बसले होते. तालमीला म्हणून कोरसमधले पाच जण आले, काखेत गीतपुस्तकं घेऊन. हे सांगतात की त्यांनी आधी पुस्तकं बाकावर नीट एकावर एक रचून ठेवली. मग सुरुवात केली.

काकांना काही ऐकू आलं नाही, ताई. पहिलाच घाव मागून डोक्यावर बसला. ते तसेच पुढे पडले, हात टेकायलाही वेळ मिळाला नाही. पडल्यावरही मारत होते. पाळक मधे धावले, तर जबड्यावर बसला आणि चष्मा तोंडात फुटला. ह्यांनी उजवा हात वर केला, तर तीन बोटं गेली. तुटून नाही, पण हाडांचा चुरा झालाय. मग खाली पाडून लाथा, बरगड्या दोन. खर्जातले जावईबापू सगळ्यांच्या पुढे होते. काळ्यांना काळ्यांची जागा दाखवतो, असं ओरडत होते, आणि गोरा असून आमच्या पंगतीला बाटवतोस काय, असं पाळकांना.

मी ओरडा ऐकून धावत गेले. काकांचं डोकं मी मांडीवर घेतलं. मागचा भाग हाताला लागत नव्हता, नुसतं ओलं आणि मऊ. एप्रन भरून गेला. तरी ते थोडा वेळ श्वास घेत होते, घोरल्यासारखा. मग थांबला. हे म्हणतायत, लिही, रक्त फरशीच्या फटीतून चार फूट लांब गेलं होतं. मी म्हटलं, हे मी लिहिणार नाही. पण लिहिलं.

पाळकांना तुमच्याच शहरात हलवलंय, कारण इथे जबड्याचा डॉक्टर नाही. तुम्ही बघालच. पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलंय की अर्धवट सुटलेला कठडा कोसळून एक मयत, दोन जखमी. सगळीकडे गज पडले होते हे खरं आहे, पण पडलेला कठडा शिव्या देत नाही.

एक गोष्ट हे मला सांगत नाहीत. विचारलं की भिंतीकडे तोंड करतात. तुम्ही विचारून बघा.

तुमच्या मायेला अंतर पडू नये, आत्ता तर नाहीच.

तुमची भावजय

३१ मार्च

चि. मोजपट्टीस,

अ. आशीर्वाद. हात उशीवर उंच ठेव. बोटं बांधलेली फळी सैल केलीस तर मी येऊन स्वतः आवळीन.

पाळक आमच्याच वॉर्डात आहेत. जबडा तारेनं बांधलाय, म्हणून पाटीवर लिहितात. शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द लिहिला, काका. मी ओल्या फडक्यानं तो पुसला आणि मान हलवली. त्यांनी पाटी पालथी घातली. त्यांना पहिल्या फटक्यानंतरचं काही दिसलेलं नाही. चष्मा फुटला होता आणि तोंडात काच होती. सात तुकडे मी स्वतः काढले. म्हणजे सगळं बघणारा एकटा तूच.

आता ऐक. मी त्यांची पाठ रोज पुसते. तिथे वळ आहेत, तीन-तीन रेघांचे, शेजारी शेजारी. मी पट्टी लावून मोजलं, कारण तुझीच बहीण आहे. दोन रेघांमधे दोन सूत. असे वळ सात ठिकाणी आहेत. पडलेला कठडा एकाच माणसावर सात वेळा पडत नाही. ते तुझे गज होते.

पुस्तकं घेऊन आलेल्या माणसांच्या हातात ते आले कुठून? काढलेले गज ओळीनं लावून ठेवीन, असं तूच लिहिलं होतंस; कुठे लावलेस? मला सांग. इतर कोणाला नको सांगूस हवं तर, मला सांग.

माया आहे, ती उत्तरावर अवलंबून नाही.

ताई

१२ एप्रिल

प्रिय ताईस,

स. सलाम वि. वि.

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलं तर हसू नकोस.

तू करवत सांगितली होतीस. कापला असता तर दुपारी चारला तिथे सरपण पडलं असतं, वीतभर लांबीचं. मी कापला नाही. एकवीसच्या एकवीस गज अखंड काढले, खडूची रेघ मारून दारापासून तीन पावलांवर, पहिल्या बाकाच्या पायाशी, एक ते एकवीस असे ओळीनं लावून ठेवले. सगळ्यांची बारीक टोकं दाराकडे. काका तेलाच्या फडक्यानं ते पुसत होते, मीच सांगितलं होतं, लाकडाच्या उभ्या रेषांच्या दिशेनं पुसा म्हणून. ते पाच जण रिकाम्या हातानं आले, ताई. मी त्यांना मुठीला धरायला बेताचे, टोकाला जड, असे एकवीस सोटे हारीनं मांडून दिले. अशी मांडणी दुसऱ्या कुठल्या सुतारानं केली नसती. ढीग घातला असता त्यानं.

हे अर्धंच झालं. उरलेलं घरचीलाही सांगितलेलं नाही.

जावयानं पहिला गज उचलला तेव्हा मी समोर होतो, फार तर आठ फुटांवर. त्यानं अकरावा उचलला. मी ओरडलो. काय ओरडलो ठाऊक आहे? की अरे, ते नंबरानं लावलेत. तो माझ्याकडे बघून हसला आणि काकांच्या डोक्यात घातला. काकांना ऐकू आलं नसतंच, मी त्यांना हाक मारली असती तरी. हे मी रोज स्वतःला सांगतो. पण मी हाक मारली नाही, हे त्यानं बदलत नाही. लाकूड कवटीवर बसल्याचा आवाज कोरडा असतो. मी आयुष्यभर मोगरीनं लाकडावर ठोकत आलोय, तो आवाज मला जवळचा वाटला. हे कोणाला सांगायचं?

परवा भरदुपारी दुकानात सहा-सात जण शिरले. तोंडं झाकलेली, पण एकाच्या पायात वखारीतली खिळ्यांची बुटं होती. कातकामाचं यंत्र घणानं फोडलं. पटाश्या एकेक करून फरशीवर तोंड घासून बोथट केल्या, शांतपणे, सगळ्या. मला खुर्चीला बांधून बघायला लावलं. घरची मधे पडली तर तिच्या कानशिलात मारली, कालपर्यंत तिला एका कानानं ऐकू येत नव्हतं. ती म्हणते की घंटाकाकांची जागा रिकामी आहे, मी अर्ज करते. असल्या वेळी असलं बोलायला तीच हवी.

जाताना त्यांनी सांगितलं की २८ तारखेला काकांच्या मृत्यूची चौकशी आहे, तिथे कठडा पडला असंच बोलायचं.

तुझा लोभ आता कमी झाला तर मी समजून घेईन.

मोजपट्टी

१७ एप्रिल

चि. मोजपट्टीस,

अ. आशीर्वाद.

लोभ कमी झाला तर म्हणे. गाढवा.

तू जे ओरडलास ते वाचलं. आमच्या खोलीत माणूस टेबलावर जातो, तेव्हा मी हातातली कात्री आधी तिच्या जागेवर ठेवते, मग त्याचे डोळे मिटते. तीस वर्षं हेच करत आलेय. हात सवयीनं चालतात, तोंडही. त्यात तू मारलेलं नाहीस. मारणाऱ्याला तुझ्या हातून गज मिळाला, पण मारायचं तो घरून घेऊन आला होता.

आता माझंही ऐक, आणि माझा मान राखून ऐक. हे सगळं मी सुरू केलं. आईचं लिहिलं नसतं तर तू तयार झाला नसतास, हे आपण दोघं जाणतो. एक माणूस मेला. एक पोरगा नळीनं पेज पितोय. आता तुझ्यासाठी चौतीस शवपेट्या अधिक एक असं मोजायची माझी तयारी नाही. इथले डॉक्टर मला लिहून देतील की डोक्याच्या मारामुळे या इसमास त्या दिवसाचं काही आठवत नाही. खोटं बोलावं लागणार नाही, नुसतं गप्प राहायचं. मग दोघं इथे या. माझी पलीकडची खोली रिकामी आहे, आणि इस्पितळाला सुतार लागतो.

पाळकांना हे सांगितलं. त्यांच्या मनात काय आहे ते मला विचारायचं नाही. मला भाऊ एकच आहे.

या. मायेपोटी सांगतेय, आणि भीतीपोटीही.

ताई

३ मे

प्रिय ताईस,

स. सलाम वि. वि.

डॉक्टरांचा कागद २६ला पोचला. चांगला लिहिलाय. चौकशीच्या दिवशी तो खिशात होता, डाव्या.

चौकशी चर्चमधेच झाली, कारण अधिकाऱ्याला जागा बघायची होती. पुढच्या बाकांवर पंच, वखारवाले, पाची गायक आणि त्यांचे वकील. मागे, उरलेल्या अर्ध्या कठड्याच्या पलीकडे, आपली माणसं. डावी बाजू उघडी होती, तरी एकही माणूस तिथून पुढे गेला नाही. सवय बघ.

वकील म्हणाले की सुट्या गजांपैकी वीस पोलिसांनी जमा केले, त्यांवर रक्त नाही. एकविसावा बहुधा तुटून भुशात गेला. भुसा! मी तोंड उघडणार तोच ऑर्गनवाल्या बाई पुढे आल्या. हातात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काही होतं. म्हणाल्या की गेल्या रविवारी ऑर्गनचं डावं पेडल खाली जाईना, म्हणून मागची फळी काढली. अभ्रा उलगडला तर अकरावा. तिसऱ्या कंगोऱ्याखाली रक्त काळं होऊन बसलेलं, आणि त्यात पांढरे केस. त्यांचा स्वतःचा भाऊ त्या पाचांत आहे, ताई. त्याच्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. घरी परतल्यावर दाराला आतून कडी होती आणि सामान पायरीवर होतं, असं नंतर कळलं.

वकिलांनी विचारलं की हा याच कठड्याचा कशावरून, असे गज बाजारात मिळतात. तेव्हा मी उठलो. तुझा कागद काढला नाही. माफ कर. गज डाव्या हातानं घेतला, खालच्या पट्टीतल्या अकराव्या भोकात सोडला आणि तळहातानं दाबला. तो आपला आपण आत गेला आणि बसला. मग दहाव्यात लावून दाखवला, बाराव्यात लावून दाखवला. गेला नाही. मग वरची पट्टी कुठे होती ते दाखवलं. ती त्या शनिवारी बारा वाजल्यापासून भिंतीलगत जमिनीवर पडलेली होती. जमिनीवरची पट्टी कोणाच्या डोक्यावर पडायची असेल, तर तिला आधी उठून उभं राहावं लागेल, असं मी म्हणालो. मागे कोणीतरी हसलं आणि लगेच रडलं.

मग सगळं सांगितलं. कोणी कुठला गज उचलला. मला पाचही जणांचे नंबर आठवत होते. काकांवर किती घाव पडले, ते नऊ. ओळीनं मांडून कोणी ठेवले, तेही. आणि मी काय ओरडलो, तेही सांगितलं, त्याच शब्दांत. अधिकाऱ्यानं लेखणी थांबवून विचारलं की हे लिहू का. म्हटलं, लिहा. काकांची मुलगी कठड्यामागच्या तिसऱ्या बाकावर होती. तिनं माझ्याकडे बघितलं ते अजून उतरत नाही.

जावयासकट तिघांना तिथेच धरलं. बाईंचा भाऊ आणि आणखी एक मागच्या दारानं पळाले, अजून सापडलेले नाहीत. बाहेर पडताना आमच्यावर दगड आले. घरचीच्या कपाळाला एक लागला, चार टाके. ती म्हणते की ताईंना कळव, टाके कोणी मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजवी बाजू काढली. या वेळी करवतीनं. उजवा हात चालत नाही, म्हणून काकांच्या मुलीनं दुसरं टोक धरलं. तू म्हणालीस तेच खरं, दोन तास लागले.

रविवारी उपासना झाली. पाळक नाहीत, म्हणून ऑर्गनवाल्या बाईंनी शास्त्रपाठ वाचला. गोरी घरं सदतीस, त्यातली चार आली. ती कुठे बसावं ते न कळून थोडा वेळ उभी राहिली, मग मधल्या बाकांवर, आपल्यात बसली. उरलेल्यांनी वखारीच्या शेडमधे वेगळी उपासना घेतली. तिथून त्यांचं गाणं ऐकू येत होतं, खर्जाशिवाय. पाळकांना सांग की मेज मी पुसून ठेवलंय. आणि ते येणार नसतील तर तसंही सांगू देत, कोणी काही म्हणणार नाही.

तुझ्या खोलीत आम्ही येत नाही. रागावशील. सुट्टी काढून तूच ये, आणि पाळकांच्या चष्म्याच्या काडीला नवा दोरा आण, इथला लगेच तुटतो.

लोभ मोजत नाही, पण पुरेसा आहे हे कळतं.

तुझा,
मोजपट्टी

ता. क. एक लिहायचं राहिलं. चौकशीच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजता, वखारवाले एकटे दुकानात आले होते. फुटलेल्या यंत्राशेजारी स्टुलावर बसले आणि रडले, खरंच रडले, लेकीच्या संसारासाठी. मग खिशातून टाइप केलेला कागद काढला. एकच वाक्य होतं, की सुताराच्या सदोष कामामुळे कठडा कोसळून घंटावाल्याचा मृत्यू झाला. खाली माझ्या सहीची जागा. सही केली तर नवं यंत्र, हाताचा सगळा इलाज, वखारीच्या शेडमधे होणाऱ्या नव्या चर्चची सगळी बाकं माझ्याकडे, आणि वर रोख. मी कागद परत त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि त्यांना उठायला हात दिला, डावा. रोख रक्कम दोन लाख चाळीस हजार होती.